स्कॉटलंडचं बोलावणं आलंय, तिकिटाचे पैसे कोण देणार?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इचलकरंजीची आहेस, जी.डी. आर्ट (कलेचा सरकारी डिप्लोमा) झालंय, वय २९, वुडकट करतेस, म्हणजे लाकडी ठोकळा कोरून त्याचे कागदावर ठसे काढतेस. सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडच्या एका प्रिंट स्टुडिओने सहा आठवड्यांसाठी बोलावलंय. राहायची खोली आणि प्रेस, म्हणजे ठसे छापायचं यंत्र, त्यांची. विमान, व्हिसा, जेवण, कागद-शाई तुझी. अशा कामाला एकट्या कलाकाराला पैसे कोण देतं आणि अर्जात काय लिहायचं, असं विचारलंयस, सोबत निवेदनाचा मसुदाही पाठवलायस. मी तीसेक वर्षं प्रिंटमेकिंग करते, बरेच नकार गोळा केलेत आणि एका लहान खासगी ट्रस्टच्या निवड समितीवर तीनदा बसलेही आहे. त्या जोरावर लिहिते.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांच्या कला मंडळांकडे नेमकी यासाठीच छोटी अनुदानं असतात. बोलावणं दाखवा, हिशेब द्या, तिकिटापुरते पैसे घ्या. आपल्याकडे अशी एका खिडकीतली सोय नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा स्वतः चित्रं काढणारा राजाही आता नाही, की गेलं, काम दाखवलं आणि झालं. आपल्याला गोधडी शिवावी लागते. तिकीट एकाचं, व्हिसा-विमा दुसऱ्याचा, कागद-शाई स्वतःची.

सुरुवात मात्र ट्रस्टांपासून करू नकोस. ज्यांनी बोलावलंय त्यांनाच आधी विचार. आपल्या पोरापोरींना इथेच संकोच होतो, 'बोलावलंय हेच खूप, वर पैसे कसे मागायचे'. अगं, अशा स्टुडिओंकडे अनेकदा एखादी शिष्यवृत्ती असते, नाहीतर निदान कुठे अर्ज करायचा हे त्यांना पाठ असतं. काहीच निघालं नाही तरी नवं पत्र माग. त्यात तारखा, ते काय देणार, काय देणार नाहीत, आणि खोली व प्रेसचं भाडं एरवी किती पडलं असतं हा आकडा हवा. एखाद्या पत्रात नुसतं 'आम्हाला आनंद होईल' असतं, ते कुठेच चालत नाही. आकडा असलेलं पत्र जोडलं की अर्जात दिसतं की निम्मा भार यजमानांनी आधीच उचललाय.

(आणि जर तेच तुझ्याकडून 'सहभाग शुल्क' म्हणून मोठी रक्कम मागत असतील, तर तो पाहुणचार नाही, धंदा आहे. मग बेत पुन्हा तपास.)

तुझ्या कामाला सगळ्यात जवळचं दार चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टचं. हा वॉलेस कलकत्त्यात जहाजांच्या धंद्यात कमावलेला गृहस्थ, १९१६ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून १९८१ मध्ये हा ट्रस्ट उभा राहिला. कला आणि वारसा या क्षेत्रांतल्या भारतीयांनी ब्रिटनमध्ये जाऊन काही करावं, यासाठीच तो आहे. छोट्या मुदतीच्या भेटींनाही ते मदत करतात. वयाच्या आणि मुदतीच्या अटी त्या-त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

दुसरं नाव इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, बंगळुरू. संस्था १९९३ ची, अनुदानं १९९५ पासून. यांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रस्ताव मराठीत लिहिता येतो. पण ते तिकिटाला पैसे देणारे नव्हेत, प्रकल्पाला देणारे आहेत. 'मला स्कॉटलंडला जायचंय' हा प्रकल्प नाही. 'इचलकरंजीच्या लूमवरच्या रात्रपाळ्यांची वुडकट मालिका' हा प्रकल्प होऊ शकतो. तो तू परत आल्यावर त्यांच्याकडे घेऊन जा.

सरकारी बाजूला केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप आहे, दिल्लीच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्रामार्फत चालते. वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. ४० च्या पुढच्यांना सीनिअर, महिना २०,०००. पैसे दर महिन्याला नाही, सहामाही हप्त्यांत येतात आणि मधे प्रगती अहवाल द्यावा लागतो. म्हणजे तुझ्यासाठी एकूण २,४०,०००, पण सप्टेंबरच्या विमानाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण निवडीला वेळ लागतो. अर्ज कर, फक्त या प्रवासाच्या हिशेबात तो धरू नकोस. तरुण कलाकारांची महिना ५,००० वाली शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे, ती तुझ्या हातून गेली. न्यूयॉर्कच्या पोलॉक-क्रास्नर फाउंडेशनचं (१९८५) नावही कोणीतरी सुचवेलच. ते प्रिंटमेकरनाही देतात आणि जगभर देतात, पण मागे प्रदर्शनांची बऱ्यापैकी यादी लागते. आणखी पाच वर्षांनी बघ. जे. एन. टाटा एन्डॉवमेंटही लोक हमखास सुचवतात; ते परदेशी उच्च शिक्षणासाठी आहे, रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तुझ्यासारखं काही आठवडे तिथे राहून काम करण्यासाठी, नाही.

उरलेल्या ठिगळांसाठी गावात फिर. सूतगिरण्या, पतसंस्था, रोटरी, तुझ्या कॉलेजचे माजी विद्यार्थी. वीस-पंचवीस हजार असे जमतात. बदल्यात परतल्यावर एक प्रात्यक्षिक किंवा एक प्रिंट दे, पण एडिशन, म्हणजे एका ठोकळ्याच्या ठरलेल्या मोजक्या प्रती, आधीच वाटून टाकू नकोस.

आता अर्ज. समितीवर बसल्यावर कळलं की दुपारी चहा आणि चाळीसेक अर्ज समोर असले की माणसं आधी बजेट वाचतात, मग फोटो बघतात, निवेदन सगळ्यात शेवटी. एका मुलाच्या बजेटात 'इतर खर्च – ४०,०००' अशी ओळ होती. माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला आणि विचारलं, "हे इतर कोण?" सगळे हसले आणि अर्ज बाजूला पडला. मुलाचं काम खरंच चांगलं होतं. चाळीस हजारांत काय होतं ते त्याने चार ओळींत फोडलं असतं तर तो निवडला गेला असता.

म्हणून प्रत्येक ओळ फोड. मुंबईहून जाण्यायेण्याचं भाडं, दोन-तीन ठिकाणचे दर बघून, व्हिसाची फी, विमा, तिथला रोजचा जेवणखर्च गुणिले ४२ दिवस, कागद किती ताव, परत येताना प्रिंट्सची नळकांडी आणि जादा सामान. पौंडाचा भाव वर जाईल म्हणून थोडी भर आणि ती का, हेही लिही. सहा आठवडे तुझ्या चित्रकलेच्या शिकवण्या बंद राहतील. ते नुकसान बहुतेक कोणी भरून देत नाही, पण 'माझा वाटा' म्हणून दाखवता येतं.

निवेदनात 'मला लहानपणापासून चित्रांची आवड आहे' हे वाक्य खोड. तुझ्या मसुद्यात ते पहिलंच आहे, आणि समितीने त्या दुपारी ते तीसेकदा वाचलेलं असतं. त्याच मसुद्यात खाली, जवळजवळ लपवून, तू लिहिलंयस की तुझ्याकडे प्रेस नाही, म्हणून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने कागद घासून ठसा काढतेस आणि दीड फुटांपेक्षा मोठा ठोकळा कोरतच नाहीस, कारण हात दमला की काळा रंग फिकट उतरतो. अगं, हाच तुझा अर्ज! पैशांची गरज चाळीसही जणांना असते. समितीला कळायला हवं की याच सहा आठवड्यांत, याच ठिकाणी काय होईल जे इचलकरंजीत होत नाही. मोठी प्रेस, तीन फुटी ठोकळा, सलग काळा. तेवढंच लिही, आणि परत आल्यावर प्रेस कुठे मिळवणार तेही लिही. नाहीतर कोणीतरी विचारणारच, "मग पुन्हा चमचाच का?"

फोटो ट्यूबलाइटखाली काढू नकोस. सकाळी दहाच्या आसपास, उन्हात नाही पण उजेडात, कागद सपाट, कॅमेरा सरळ. प्रत्येकाखाली आकार, साल, एडिशन. दहा बरी कामं दे, पंधरा मागितली असली तरी. शिफारसपत्र प्राचार्यांकडून नको, ज्यांनी तुला ठोकळ्यावर वाकलेलं पाहिलंय त्यांच्याकडून घे, आणि त्यांना तीन आठवडे आधी सांग.

एक माझी चूक. २०११ मध्ये एका संस्थेची मंजुरी तोंडी कळल्याबरोबर स्वस्त पडतं म्हणून मी तिकीट काढलं. पत्र आलं त्यावरची तारीख नऊ दिवसांनंतरची. नियमात ओळ होती, मंजुरीपूर्वीचा खर्च ग्राह्य नाही. ३८,००० माझ्या खिशातून गेले. चूक त्यांची नव्हतीच असंही नाही म्हणता येणार, फोन त्यांनीच केला होता; पण नियम मी वाचले नव्हते. कागद हातात येईपर्यंत तिकीट काढायचं नाही.

पैसे थेट बाहेरून तुझ्या खात्यात आले तर बँक विचारेल कशाचे. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा शिष्यवृत्ती आणि स्टायपेंडला वगळतो, पण ते सिद्ध करायला मंजुरीपत्र लागतं. ते घेऊन शाखेत आधीच जाऊन ये. कराचं एखाद्या सीएला विचार, सगळंच अनुदान करमुक्त असतं असं धरून चालू नकोस.

कोरायची हत्यारं हँडबॅगेत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतात. आणि बजेटचा कच्चा तक्ता झाला की टाक इथे, बघते.