बोन्सायसाठी फांदीला मुळं फुटायला मध, कोरफड, दालचिनी यांचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडाच्या आणि बोगनवेलीच्या फांद्या तीनदा लावल्या. एकदा मध लावून, एकदा कोरफडीत बुडवून, एकदा दालचिनी फासून. तिन्ही वेळा कुजल्या. आता हार्मोनची पावडर न आणता मुळं फुटतील का, हा तुमचा प्रश्न.

फुटतील. पण ती मधामुळे फुटणार नाहीत.

माझा पहिला वड फुकटचा आहे. पुण्यात वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात. वडापर्यंत जायला ज्यांना जमत नाही त्या फांदी घरी आणून पुजतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फांद्या हळदीकुंकवासकट कचऱ्याच्या डब्याशेजारी पडलेल्या असतात. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पडलेला असा एक भारा मी उचलून घरात आणला. आईने कपाळाला हात लावला. ज्येष्ठातली पौर्णिमा म्हणजे पाऊस नुकताच लागलेला किंवा लागायच्या बेतात, फांद्या लावायला याहून चांगला मुहूर्त नाही.

तेव्हा मलाही तुमच्यासारखेच प्रश्न होते, म्हणून पाच कुंड्या केल्या. मध, कोरफड, दालचिनी, नारळाचं पाणी, आणि पाचवीत नुसती फांदी. काडीएवढ्या कोवळ्या शेंड्यांच्या फांद्या सगळ्याच गेल्या, कशातही बुडवलेल्या असोत. अंगठ्याएवढ्या जाड, करड्या सालीच्या ज्या होत्या त्यांतल्या बऱ्याच जगल्या, नुसत्या लावलेल्या कुंडीतल्यासुद्धा. मध मी पोळीला लावावा तसा घट्ट फासला होता, त्या कुंडीत तिसऱ्या दिवशी मुंगळ्यांची रांग लागली. नारळाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेल्या फांद्यांना सकाळी आंबूस वास येत होता.

मुळं फुटवणारं द्रव्य म्हणजे ऑक्झिन. ते झाड स्वतःच बनवतं, मुख्यतः कोंबांत आणि कोवळ्या पानांत. तिथून ते खाली उतरत येतं आणि फांदी कापली की कापाच्या जागी साचतं. तिथल्या पेशी मग मुळं बनवायला घेतात. बाजारातल्या पावडरीत बहुतेक वेळा इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, तेही ऑक्झिनच. मधात आणि दालचिनीत हे काम करणारं काही नाही. मध जंतू वाढू देत नाही, दालचिनी बुरशीला अडवते, हळदही तेच करते. म्हणजे ही जखमेवरची मलमं आहेत. ओली जखम स्वच्छ राहिली तर मुळं फुटायला वेळ मिळतो, त्यांचा उपयोग तेवढाच. पण तो कमी समजू नका, पावसाळी हवेत कुजण्यानेच निम्मा खेळ संपतो.

मध लावायचाच असेल तर दोन कप उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर, त्याहून दाट नको. दालचिनीची चिमूट कापावर टेकवायची, वाळूत मिसळायची नाही. कोरफड मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण गर कापावर पातळ थरासारखा बसतो आणि फांदी लगेच सुकत नाही. ताजं पान चिरून त्यात फांदी खुपसायची आणि तशीच लावायची. बाटलीतली सुगंधी जेल नको.

नारळाच्या पाण्याबद्दल सगळीकडे फार लिहिलं जातं. १९४१ मध्ये धोतऱ्याचे कोवळे गर्भ प्रयोगशाळेत वाढवायला ते वापरलं गेलं, आणि तेव्हापासून त्याचा दबदबा आहे. मात्र त्यात सायटोकायनिन नावाचं वाढीचं दुसरं द्रव्य भरपूर असतं, आणि ते कोंब फुटायला मदत करतं. मुळं फुटायला ऑक्झिनचं पारडं जड लागतं. वर साखर असल्यामुळे ते आंबतं. शहाळं आपण प्यावं.

विलो नावाच्या परदेशी झाडाच्या काड्या भिजवलेल्या पाण्याचे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील. विलोचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे वाळुंज, सह्याद्रीत ओढ्याकाठी उभा असतो. विलोच्या फांदीत मुळांचे कोंब आधीपासून दडलेले असतात, म्हणून ती नुसत्या पाण्यातही मुळं टाकते. तिच्या कोवळ्या काड्या दिवसभर पाण्यात भिजवून त्या पाण्यात दुसरी फांदी ठेवायची, अशी ती युक्ती. मी करून पाहिली, नुकसान काही झालं नाही, चमत्कारही झाला नाही.

शेणकाला लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीतलं बीजामृत, म्हणजे बियाण्याला लावायचं मिश्रण, तेही त्याच वळणाचं: २० लिटर पाणी, ५ किलो शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना आणि मूठभर माती. शेतावर ठीक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, झाकलेल्या कुंडीत, मी ते करणार नाही.

आता कापाबद्दल. फांदी तिरकी कापा असं सगळे सांगतात. गुलाबाला चालतं, बोन्सायला तेच नडतं. तिरक्या कापाला मुळं बहुतेक खालच्या टोकाकडून, एका बाजूला फुटतात, आणि पुढे दहा वर्षं झाड एका पायावर उभं असल्यासारखं दिसतं. जपानी लोक ज्याला नेबारी म्हणतात तो बुंध्याभोवतीचा मुळांचा पसारा चारी बाजूंनी हवा असेल तर डोळ्याच्या जरा खाली, धारदार ब्लेडने, आडवा सरळ काप घ्या. कात्रीने नको, ती साल चेचते. माझा पहिला वड तिरक्या कापाचा आहे. त्याची एक बाजू अजून भुंडी आहे, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

वडाचा किंवा नांदरुकाचा चीक वाहतो. फांदी नळाखाली धरून चीक थांबेपर्यंत धुवा, हाताला लागला तर खाज येते. फांदी सहा ते आठ इंचांची, निदान पेन्सिलीएवढी जाड. वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी कापा. भरायला जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं. वाळू पिठाच्या चाळणीने चाळून खाली पडलेली फेकायची, वर राहिलेली धुऊन घ्यायची. शेणखत अजिबात नको. तुमच्या तिन्ही वेळच्या फांद्या बागेच्या मातीत होत्या असं तुम्हीच लिहिलंय, मला तर गुन्हेगार तिथेच दिसतो. बोगनवेलीला तर ओल जास्त झाली की ती हमखास काळी पडते. तिला जाड, लाकूड झालेली फांदी घ्या आणि पाणी हात आखडून द्या.

वरून पाण्याच्या बाटलीचा तळ कापून झाकण करा, बूच उघडं. ऊन थेट नको.

दोन-तीन आठवड्यांत हिरवे कोंब दिसतील. तेव्हा फोटो टाकू नका. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर फुटते, खाली एकही मूळ नसतं, आणि साठा संपला की आठ दिवसांत माना टाकते. खाली काय चाललंय ते पाहायला उपटून बघायचा मोह होतो. त्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात तळाला भोकं पाडून फांदी लावा आणि बाहेरून काळा कागद गुंडाळा. आठवड्यातून एकदा कागद सरकवून बघायचं. आधी कापाच्या कडेला फिकट, खरखरीत फुगवटे येतात, मग त्यातून पांढरं मूळ. नुसतं पांढरं असताना हलवू नका, टिचकीनेही तुटतं. ते किंचित तपकिरी होऊन त्याला फाटे फुटले की कुंडी बदला. बोगनवेलीची मुळं सुतासारखी असतात, तिचा ग्लास कापून काढा, ओढू नका.

पिंपळाच्या फांदीमागे लागू नका, भिंतीत उगवलेलं रोप सोडवून आणणं सोपं. चिंच बीपासून करा. कामिनी मात्र हट्टी आहे. तिला मी पावडर वापरतो, आणि त्याचं मला काही वाटत नाही.