तुळस कुठाय?

प्रिय मुली,

तुझे फोटो मिळाले. म्हणजे, फोटोंचे मोबाईलवर काढलेले फोटो मिळाले. मंडईतल्या मावशींचा चेहरा पांढराफटक पडलाय, मागच्या मेथीच्या जुड्या काळोखात गेल्यात, आणि तू लिहितेस की हा इन्स्टॅक्स, म्हणजे फोटो लगेच कागदावर काढून देणारा कॅमेरा, खेळणंच आहे, आता पैसे साठवून चांगला डिजिटल घेणार. जरूर घे. पण त्याआधी हा कॅमेरा नीट वापरून पाहा, एवढं मला सांगू दे.

आधी तो पांढरा चेहरा. तुझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करता येत नाही आणि तू हातभर अंतरावर उभी होतीस. या फिल्मला उजेड-अंधाराचा फार मोठा फरक सोसत नाही. जास्त उजेड पडला की तिथला तपशील कायमचा गेला, आणि फ्लॅश पोचत नाही तिथे सगळं काळं. दीड मीटर मागे सर. मावशींना मंडईच्या आत, छपराच्या अंधाराला पाठ करून बसवू नकोस. सकाळी आठच्या सुमाराला बाहेरच्या सावलीत बसणाऱ्या असतात, तिथे जा. मग फ्लॅश आणि आजूबाजूचा उजेड यांचं जमतं. आणि प्रत्येक फोटोवर एकाच जागी जो ठिपका दिसतोय, तो बहुधा रोलरवरच्या घाणीचा आहे. कॅमेऱ्यातून बाहेर पडताना कागद दोन रोलरांमध्ये दाबला जातो, खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत असलेली रसायनाची पुडी फुटते आणि ते रसायन सगळ्या फोटोवर पसरतं. ती पट्टी जाड असते ती त्या पुडीसाठी. म्हणून रोलर स्वच्छ ठेवायचे, आणि फोटो बाहेर आला की हलवायचा नाही, वाकवायचा नाही. आत अजून काम चालू असतं.

आता मुद्द्याचं. ‘झटपट’ या शब्दाने आपली दिशाभूल होते. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या सांता फेला सुट्टीवर असताना, पुढे ‘पोलरॉइड’ हा झटपट कॅमेरा बनवणाऱ्या एडविन लँडच्या तीन वर्षांच्या मुलीने त्याला विचारलं होतं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही दिसत? फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने एका मिनिटात तयार होणारा फोटो न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांना करून दाखवला, १९४८ च्या अखेरीला कॅमेरा बोस्टनच्या दुकानात आला. पण त्या लहान मुलीच्या प्रश्नात घाई होती असं मला वाटत नाही. तिला फोटो हवा होता तो ज्याचा काढला ते समोर असेपर्यंत. या माध्यमाचा जीव तिथेच आहे. फोटो आणि ज्याचा फोटो ते, दोन्ही एकाच उजेडात, एकाच वेळी तुझ्यापुढे असतात.

मोबाईलवरही लगेच दिसतो, असं तू म्हणशील. दिसतो, पण तो आपल्याच हातात राहतो. आपण वीस काढतो, एक ठेवतो, उरलेले पुसतो, आणि समोरच्याला काही कळतही नाही. इथे वस्तू तयार होते. तिची वेगळी निगेटिव्ह उरत नाही आणि ती समोरच्याच्या हातात पडते.

काही वर्षांपूर्वी वारीत दिवे घाट चढून आल्यावर, विसाव्याला, अशाच कॅमेऱ्याने एका आजींचा फोटो काढला होता. डोक्यावर तुळशी वृंदावन, पायांत धूळ, चेहऱ्यावर इतकी शांतता की मी जवळ जाऊनच क्लिक केलं. दोघं मिळून कागदाकडे बघत उभे राहिलो. आधी निळसर सावली आली, मग कपाळ, मग डोळे. आजींनी पूर्ण उमटू दिला आणि विचारलं, “तुळस कुठाय?” वरून कापली गेली होती. या कॅमेऱ्याची आपण ज्यातून बघतो ती खिडकी भिंगाच्या बाजूला असते, त्यामुळे जवळून काढताना आपल्याला दिसतं ते आणि फिल्मवर येतं ते यांत फरक पडतो. मला ते ठाऊक होतं, तरी मी चेहऱ्यातच अडकलो होतो. त्यांच्या लेखी चेहरा दुय्यम होता. पदर सावरून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, मी मागे सरलो. तुळशीसकटचा दुसरा फोटो त्या घेऊन गेल्या. माझ्याकडे तुळस कापलेला पहिला आहे. मी तो अजून टेबलासमोर लावून ठेवलाय, कारण माझ्या फोटोतलं काय चुकलं हे ज्याचा फोटो त्यानेच, तिथल्या तिथे सांगितल्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार थोडे आहेत.

छायाचित्रकार आंद्रे केर्तेझचं काम शोधून बघ. १९७७ मध्ये त्याची पत्नी एलिझाबेथ गेली. ऐंशी ओलांडलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या घरात एकटा. त्याला काचेचा एक छोटा अर्धपुतळा मिळाला होता, त्याच्या मानेखांद्याच्या वळणात त्याला एलिझाबेथ दिसायची. तो पुतळा खिडकीत ठेवून त्याने पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याने फोटो काढले. काचेतून खिडकीबाहेरच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेचा उजेड येतो, कधी इमारती उलट्या होऊन आत उतरतात. मी कल्पना करतो, एक फोटो काढायचा, तो खिडकीतच पुतळ्याशेजारी उमटत ठेवायचा, उजेड सरकला की पुतळा जरा फिरवायचा. तळहाताएवढे फोटो, पण तेवढ्या मापातच तो दुःख धरू शकला, असं मला वाटतं. मोठे केले असते तर ते सगळ्यांचे झाले असते.

चित्रकार डेव्हिड हॉकनीने १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला याच गुणाचा वेगळा उपयोग केला. खोलीचा एकेक तुकडा काढायचा, मांडायचा, तो बघून पुढचा कुठून काढायचा ते ठरवायचं. पांढऱ्या कडा त्याने कापल्या नाहीत, त्यांचीच जाळी झाली. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स मात्र म्हणायचा की साठी उलटल्याशिवाय कुणी पोलरॉइडला हात लावू नये. स्वतः त्याने अखेरच्या काळात, १९७३-७४ मध्ये, एसएक्स-७० वर अडीच हजारांहून जास्त फोटो काढले. त्याचं म्हणणं मला कळतं, कारण कॅमेरा सगळं करतो तेव्हा काय बघायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. पण मला ते पटत नाही. बघायला शिकण्यासाठी साठीची वाट का पाहायची? दहा फोटोंचा पॅक तुला ते शिकवेल, फक्त एका दिवशी एकाच माणसावर किंवा एकाच वस्तूवर दहाही खर्च कर.

मंडईत परत जा. पहिला फोटो मावशींच्या हातात दे आणि तो उमटेपर्यंत, दीड-दोन मिनिटं, कॅमेरा खाली ठेव. दुसरा काढायची घाई नको. त्या काय बघतात ते बघ. कदाचित म्हणतील, तराजू आला नाही. कदाचित काहीच म्हणणार नाहीत, फोटो गल्ल्यात ठेवून देतील. तोही तुझ्या दुसऱ्या फोटोचा विषय आहे.

आणि फोटोंचे फोटो पाठवू नकोस, मूळ घेऊन ये. उन्हाळ्यात फिल्म गाडीत ठेवायची नाही, चाळीस अंशांच्या वर रंगांचा भरवसा नसतो. माझ्या फ्रिजमध्ये दोन पॅक आहेत, दाराच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे. रविवारी येऊन घेऊन जा. बाहेर काढल्या काढल्या कॅमेऱ्यात घालू नकोस, तासभर खोलीत राहू दे. तोवर चहा होईल.

तुझा,
सर