‘शिवराक’ला पोर्तुगीजमध्ये काय म्हणावे?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी ऑक्टोबरमध्ये १२ दिवसांसाठी पोर्तुगालला जात आहोत. मुलगी पोर्तोच्या विद्यापीठात शिकते. थोडे दिवस तिच्याकडे आणि उरलेले लिस्बन व कोइंब्रा येथे, असा बेत आहे. आमच्या घरी अंडेसुद्धा चालत नाही, दूधदुभते मात्र चालते. मासे आणि डुक्कर यांच्यावाचून तिथे स्वयंपाकच होत नाही, असे जो तो सांगतो. हे कितपत खरे आहे? आणि बरोबर काय न्यावे?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : सांगणाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पोर्तुगालमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याची फसगत होते, आणि ती बहुधा एका शब्दापायी होते. पोर्तुगीज भाषेत मांसाला ‘कार्न’ म्हणतात. परंतु साध्या खानावळवाल्याच्या लेखी त्या शब्दात मासा येत नाही, आणि चवीपुरती सुपात सोडलेली चोरीसची (डुकराच्या मसालेदार सॉसेजची) चकती किंवा हॅमचे चार तुकडेही कित्येकदा येत नाहीत. गोव्याच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. ‘मी मांस खात नाही’ असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या कित्येकांना दुपारी नुस्ते, म्हणजे मासे, नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही. म्हणून तर आपल्याला ‘शिवराक’, म्हणजे शाकाहारी, हा निराळा शब्द लागतो. कोइंब्राच्या एका खानावळीत मी ‘सें कार्न’, म्हणजे मांसावाचून, एवढेच सांगून निर्धास्त बसले, तेव्हा माझ्यापुढे ट्यूना माशाचे सॅलड आले. वाढणाऱ्या वयस्कर गृहस्थांच्या चेहऱ्यावर पाहुण्याची सोय लावल्याचे इतके समाधान होते की रागावणेही जमले नाही.

तेव्हा ‘सो व्हेजितारियाना’ हे वाक्य पाठ असावे (यजमानांनी शेवटी ‘व्हेजितारियानु’ म्हणावे), पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. त्याच्या पाठोपाठ नको असलेल्या जिनसांची नावे एकेक करून घ्यावीत : सें कार्न, सें पैश, सें शोरिसु, सें ओवु, म्हणजे मांस, मासा, चोरीस आणि अंडे यांच्यावाचून. आपला चोरीस तिथे ‘शोरिसु’ होतो, एवढाच उच्चाराचा फरक. बाकी बटाटा, कोबी, पाव, अननस, काजू हे शब्द आपल्याकडे त्यांच्याच भाषेतून आलेले असल्यामुळे, आणि पदेर (पाववाला) म्हणजे कोण हे आपल्याला शिकवावे लागत नसल्यामुळे, तिथल्या पाट्या वाचताना आपण उत्तरेकडच्या प्रवाशांपेक्षा चार पावले पुढे असतो.

सर्वांत जपायचे ते सुपाला. ‘काल्दु व्हेर्द’ या नावाचा अर्थच ‘हिरवा रस्सा’. शिजवून घोटलेला बटाटा, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पाने आणि वरून ऑलिव्हचे तेल. रूपावरून हे आपल्यासाठीच केलेले वाटते, पण वाडग्यात तळाशी चमचा फिरवला की चोरीसची तांबूस चकती वर येते. चकती घालू नका असे सांगता येते. मात्र काही ठिकाणी चोरीस बटाट्याबरोबर आधीच शिजवलेला असतो, तेव्हा सूप मूळ भांड्यात कसे केले आहे हेच विचारावे. साधे भाज्यांचे सूप, ‘सोप द लेगुम्श’, त्या मानाने बरे, तरी त्यातही मांसाचे पाणी आहे का, हा प्रश्न टाळू नये. भात आणि घेवड्याची उसळ यांनाही हाच नियम लावावा. उलट ‘पैशिन्युश द ओर्त’, म्हणजे ‘बागेतल्या मासोळ्या’, असे नाव वाचून कोणी दचकू नये. त्या पिठात बुडवून तळलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगा असतात. आपल्याला मात्र त्याही चालणार नाहीत, कारण त्या पिठात बहुतेक ठिकाणी अंडे असते. नावाला मासा आणि आत शेंग, नावाला हिरवे आणि आत डुक्कर, अशी ही गंमत आहे.

गोडाच्या बाबतीत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. बेबिंक या आपल्या गोव्याच्या थरांच्या मिठाईत किती बलक जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या मिठाईचे मूळ घराणे कसे असेल याची कल्पना येईल. प्रसिद्ध ‘पश्तेल द नात’ अंड्याच्या बलकावाचून होतच नाही, आणि ‘तोसिन्यु दु सेउ’ या मिठाईच्या तर नावातच ‘स्वर्गातली डुकराची चरबी’ आहे. दूध, तांदूळ, लिंबाची साल आणि वर दालचिनीची नक्षी असलेली खीर, ‘अरोश दोस’, मिळते. पण तीत कधी कधी बलक घालतात, म्हणून तिथेही ‘सें ओवु?’ असे विचारावेच.

दुकानातील बंद पाकिटांवर आपल्याकडचा हिरवा ठिपका नसतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार अंडे, दूध, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे जीव, शेंगदाणे आदी १४ ॲलर्जीकारक पदार्थ घटकांच्या यादीत ठळक छापावे लागतात. त्यामुळे अंडे शोधणे सोपे जाते. परंतु डुकराची चरबी या १४ मध्ये नाही. ती त्याच यादीत साध्या अक्षरांत ‘बान्य’ या नावाने बसलेली असते, म्हणून केवळ ठळक शब्द पाहून पाकीट टोपलीत टाकू नये. हॉटेलातही या १४ पदार्थांची माहिती मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि अंड्याबाबत तो हक्क नि:संकोच वापरावा.

एका गोष्टीने मात्र तुमचा प्रवास सार्थकी लागेल. चीजसाठी दूध विरजताना पुष्कळ देशांत वासराच्या पोटातील रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरतात, आणि म्हणूनच आपल्याकडचे कट्टर शाकाहारी परदेशी चीजला हात लावत नाहीत. पोर्तुगालच्या डोंगराळ भागातील ‘सेर द एश्त्रेल’ हे मेंढीच्या दुधाचे चीज मात्र कार्डून नावाच्या काटेरी झाडाच्या फुलांचा अर्क घालून विरजतात. दूध, मीठ आणि ते फूल, याखेरीज त्यात काही नसते. लिस्बनजवळचे ‘अझैतांव’ आणि दक्षिणेकडचे ‘सेर्प’ ही चीजही याच रीतीची. वरचे कवच कापून आतला मऊ भाग चमच्याने काढून पावाला लावतात. त्याला उग्र वास येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मुलगी विद्यापीठात आहे, हा तुमचा मोठा आधार आहे. २०१७ च्या एका कायद्यान्वये तिथल्या सरकारी शाळा, विद्यापीठे, रुग्णालये व तुरुंग यांच्या भोजनगृहांत रोज एक पूर्णपणे वनस्पतिजन्य जेवण ठेवणे बंधनकारक झाले आहे. बाहेरच्यांना तिथे जेवता येते की नाही, एवढे तिच्याकडून विचारून घ्यावे. लिस्बनमध्ये राधाकृष्ण मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळते. मोझांबिकमार्गे तिथे गेलेल्या गुजराती मंडळींचा त्या मंदिराभोवती मोठा राबता आहे. डाळ, पीठ आणि मसाले ‘मार्तीं मोनीझ’ चौकाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात, त्यामुळे इथून पोती वाहण्याचे कारण नाही.

राहिले सामान. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून नेण्यास बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच राहू द्यावेत. ताजी फळे-भाज्या प्रमाणपत्रावाचून नेता येत नाहीत, पण पाच फळांना सूट आहे : नारळ, केळे, अननस, खजूर आणि ड्युरियन. लेकीसाठी नारळ नेता येईल, हे वाचून पिशवी जड करणार असाल तर तो हिशेब तुमचा. कढीपत्त्याची ताजी जुडी मात्र नेऊ नये. विमानाचे जेवण प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी नोंदवावे आणि संकेत नीट पाहावा : ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी जेवण, ‘एचएनएमएल’ या ‘हिंदू’ जेवणात मात्र मांस किंवा मासा असतो. नावाला भुलून दुसरे नोंदवणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून वीगन आहे, दूध-मधही घेत नाही. मित्रांबरोबर व्हिएतनामला चाललो आहे. तिथे सगळ्यात माशाचे पाणी असते म्हणतात. माझे कसे व्हायचे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमचे फोंड्याच्या वाचिकेपेक्षा सोपे आहे. व्हिएतनामी भाषेत बौद्ध परंपरेतील शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात, आणि ही पाटी रोमन लिपीतच असते. ती चहाची पाटी समजून पुढे निघून जाऊ नका. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्येला व पौर्णिमेला, तिथले अनेक बौद्ध मांस-मासे वर्ज्य करतात. आपल्याकडे सोमवारी घरात नुस्ते येत नाही, तसेच. त्या दोन दिवशी चाय खानावळींत गर्दी उसळते, म्हणून लवकर जाऊन बसावे. हुए हे शहर या जेवणासाठी विशेष नावाजलेले आहे. यादीत बदक, कोळंबी अशी नावे दिसली तरी ते पदार्थ सोयाबीन किंवा गव्हाच्या ग्लुटेनचे असतात.

माशाच्या आंबवलेल्या पाण्याला ‘नुओक माम’ म्हणतात, आणि चाय नसलेल्या दुकानात ते भाजीपासून चटणीपर्यंत सर्वत्र असते. तिथे केवळ भाज्यांचा पदार्थ मागवून भागत नाही. शक्यतो चाय पाटी असेल तिथेच जेवावे. कॉफीबद्दल एक सूचना : तिथे कॉफीत साखर घातलेले आटीव दूध पेल्याच्या तळाशी घालून देतात. दुधाला ‘सुआ’ आणि काळ्या कॉफीला ‘का फे देन’ म्हणतात. मागणी करताना ‘देन’ हा शब्द ठसठशीत उच्चारावा.