खोडलेलं वाक्य

प्रिय,

मागच्या पत्रात तू एक वाक्य लिहून खोडलंस. खोडलेलं वाचू नये, पण मी कागद उजेडात धरला. ‘सगळे म्हणतात, अपघाताला वर्ष झालं, आता तरी विसर.’

विसरणं हातात असतं तर कोण आठवत बसलं असतं? पीटीएसडीत, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मनाच्या आजारात, आठवण आठवणीसारखी येतच नाही. मागे कुणी खुर्ची ओढली की मेंदू ‘धोका!’ म्हणून मोकळा होतो. ती साधी खुर्ची आहे हे कळेपर्यंत तुला दरदरून घाम फुटलेला असतो. याला भित्रेपणा म्हणायचं, तर ठसका लागलेल्याला बेशिस्त म्हणावं लागेल.

नावं ठेवायची ही खोड जुनीच. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने खचलेल्या सैनिकांच्या आजाराला ‘शेल शॉक’ म्हणत. तरीही पळून गेल्याच्या, भित्रेपणाच्या आरोपाखाली ब्रिटिश सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांत शेल शॉकवर उपचार झालेलेही होते. गोळ्या घातलेल्यांपैकी ३०६ जणांना माफी मिळाली ती थेट २००६ साली. पीटीएसडी हे नाव तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९८० मध्ये आलं.

मीही काही वेगळा नव्हतो. माझ्या हाताखालचा एक मुलगा बैठकीत नेहमी दाराकडे तोंड करून बसायचा. ‘पळायची तयारी का रे?’ मी सगळ्यांदेखत विचारलं. सगळे हसले, तोही हसला. पुढच्या बैठकीपासून तो काही ना काही कारण काढून यायचं टाळू लागला. खरं कारण मला कळलं ते त्याने नोकरी सोडल्यावर.

म्हणून सांगतो, सगळ्यांना सगळं सांगायला तू बांधील नाहीस. कामावर ‘अचानक आवाज झाला की त्रास होतो, मी भिंतीला पाठ लावून बसते’ एवढं पुरे. कुणी खोदून विचारलं तर ‘त्यावर बोलायचं नाही’ म्हण आणि विषय बदल. मात्र मानसोपचारतज्ज्ञापाशी हातचं राखू नकोस. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला हवं असंही नाही. तुला झेपेल तसं. त्या आघातावरच काम करणाऱ्या उपचारांनी पुष्कळांना उतार पडतो, आणि वर्ष उलटलं म्हणून वेळ गेलेली नसते. तिथे जाताना कुणी पाहिलं तर? पाहू दे. दात दुखला तर लपून जातेस का?

पुढच्या पत्रात हवी तेवढी खाडाखोड कर. कागद उजेडात धरणार नाही.

तुझा,
काका