प्रश्नावलीत ‘जोखीम अधिक’ असा शेरा आला, आता पुढे काय?

लष्करी सेवेतील एक जवान पत्नीसह माझ्याकडे आला होता (ओळख उघड होऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत). नियमित आरोग्य तपासणीच्या प्रश्नावलीत, ‘गेल्या दोन आठवड्यांत, यापेक्षा मेलेले बरे, असे वाटले का?’ या प्रश्नापुढे त्याने ‘काही दिवस’ या पर्यायावर खूण केली होती आणि त्यामुळे त्याच्या नावापुढे ‘आत्महत्येची जोखीम अधिक’ असा शेरा आला होता. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. “मला न कळलेलं माझ्याबद्दल त्या कागदाला कळलंय का?” असे त्याने विचारले. शेरा मिळालेल्या बहुतेकांच्या मनात हीच धास्ती असते.

मी त्याच्यासमोर एक हिशेब मांडला. समजा, एक लाख सैनिकांपैकी वर्षभरात 20 जण आत्महत्या करतात आणि प्रश्नावली इतकी चांगली आहे की त्यांतील 16 जण ती अचूक हेरते, मात्र उरलेल्यांपैकी दहा टक्के लोकांवरही तोच शेरा मारते. म्हणजे शेरा मिळालेले सुमारे दहा हजार आणि त्यांत खरोखर जीव गमावणारे 16. घटना विरळ असली की चांगल्या चाचणीचेही असेच होते. अमेरिकी लष्करात मनोविकारासाठी रुग्णालयात राहून घरी परतलेल्या सैनिकांवरचा एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात नोंदींच्या आधारे सर्वाधिक जोखमीचे ठरवलेले पाच टक्के वेगळे काढले, तेव्हा नंतरच्या वर्षभरातील निम्म्याहून अधिक आत्महत्या त्या गटात आढळल्या. तरीही त्या गटातील बहुसंख्य लोक जिवंत राहिले. कोणाकडे आधी लक्ष द्यावे हे असा शेरा सांगतो. अमुक माणसाचे पुढे काय होणार, हे तो सांगू शकत नाही.

पण हिशेब सांगून मी त्याला घरी पाठवले नाही, कारण त्याने केलेली खूण खरी होती. त्या ‘काही दिवसां’त काय घडले, असे मी थेट विचारले. तुकडीतला जवळचा सोबती गेला होता आणि रजा नाकारली गेल्याने त्याला अंत्यविधीला जाता आले नव्हते. पत्नीला हे काहीच ठाऊक नव्हते. विचारले तर नको तो विचार डोक्यात येईल, या भीतीने तीही गप्प राहिली होती. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार रुजत नाही, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे, आणि हे मी प्रत्येक कुटुंबाला आवर्जून सांगते. मग आम्ही तिघांनी मिळून एक कागद लिहिला: मन ढासळू लागल्याच्या खुणा, तेव्हा पहिला फोन कोणाला करायचा, आणि त्या काळात शस्त्र त्याच्या हाताशी राहणार नाही याची जबाबदारी कोणाची.

निघताना त्याने विचारले, “पुढच्या वेळी ‘कधीच नाही’ लिहू का?” हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. मोहिमेवरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या तपासणीपेक्षा निनावी प्रश्नावलीत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी दोन ते चार पट अधिक आढळल्या. बढती अडेल, सोबती हसतील, या भीतीने दिलेली उत्तरे गोळा करून कितीही चांगले गणित मांडले, तरी सर्वाधिक त्रासात असलेला माणूस ‘जोखीम नाही’ या रकान्यात जाऊन बसतो. मी त्याला खरे तेच लिहायला सांगितले आणि त्याच्या परवानगीने तुकडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून पुढच्या भेटींच्या तारखा ठरवून घेतल्या.