वाचकांचे प्रश्न : भुयारी स्टेशनचं हवापाणी

दाट वस्तीखाली बांधलेल्या भुयारी मेट्रो स्टेशनबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. तिकिटाचे आणि वेळापत्रकाचे बाजूला ठेवून बांधकामाचे आणि सुरक्षेचे निवडले आहेत.

प्र. गाडी दिसायच्या आधीच फलाटावर वारा सुटतो. फूटपाथवरच्या लोखंडी जाळीतून गरम झोत येतो, तोही त्याचाच का?

उ. त्याचाच. गोल भुयाराचा आतला व्यास साधारण ५.८ मीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस मीटर. त्यातले दहा-अकरा चौरस मीटर एकटी गाडीच अडवते. उरलेल्या जागेतून काही हवा मागे निसटते, बाकीची सायकलच्या पंपातल्या दट्ट्यापुढे जाते तशी पुढे रेटली जाते. हा रेटा फलाटावर फुटू नये म्हणून स्टेशनच्या दोन्ही टोकांना रस्त्यापर्यंत उभ्या शाफ्ट काढतात. जाळी असते ती या शाफ्टच्या तोंडावर. तिच्यावर वाळलेलं पान ठेवून पाहा. गाडी येताना ते उडेल आणि ती पुढे निघून गेली की जाळीला चिकटेल, कारण गाडीमागे हवा आत ओढली जाते.

झोत गरम असतो तो ब्रेक, मोटारी आणि डब्यांचे एसी यांच्या उष्णतेमुळे. ही उष्णता बाहेर काढली नाही तर भुयाराभोवतीची माती तापत जाते. लंडनच्या जुन्या, खोल मार्गांवर शतकभरात नेमकं तेच झालं. सिंगापूरने १९८७ मध्ये मेट्रो सुरू करतानाच भुयारी फलाटांवर पूर्ण उंचीचे काचेचे दरवाजे लावले. फलाटाची थंड हवा भुयारात वाया जाऊ नये, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. लोक हे दरवाजे फक्त सुरक्षेसाठी आहेत असं समजतात.

प्र. मुसळधार पावसात स्टेशनात पाणी शिरत नाही ते कशामुळे?

उ. वरून येणारं पाणी अडवणं त्या मानाने सोपं. प्रवेशद्वाराशी आधी दोन-तीन पायऱ्या चढून मग खाली उतरावं लागतं, त्याला अनेकजण नावं ठेवतात. पण तो उंबरठा पुराच्या पातळीचा हिशेब करून ठेवलेला असतो. त्याच्याही वर पाणी चढायची वेळ आली तर दाराच्या खाचांमध्ये फळ्या बसवतात. खाचा कचऱ्याने भरलेल्या असल्या की फळी पूर्ण बसत नाही, आणि ऐन वेळी घोटाळा होतो तो इथे. शाफ्टची तोंडंही याच पातळीच्या वर हवीत. दोन स्टेशनांच्या मध्ये मार्गाचा सर्वांत खोल भाग असेल तिथे पाण्याची टाकी करून पंप बसवतात. पंप एकच ठेवून भागत नाही, जोडीला राखीव लागतो.

खरी झुंज खालच्या पाण्याशी असते. समजा स्टेशनची पेटी, म्हणजे जमिनीत बांधलेला त्याचा पोकळ सांगाडा, २२० मीटर लांब, २० मीटर रुंद आहे आणि भूजलाच्या पातळीखाली १५ मीटर गेली आहे. तिने ६६,००० घनमीटर पाणी बाजूला सारलं, म्हणजे ६६,००० टनांचा रेटा तिला वर उचलतो. आतून पोकळ असल्याने ती जहाजासारखी तरंगू पाहते! तिला खाली धरून ठेवायला जाड तळ, बाजूच्या भिंतींचं वजन, छतावरचा मातीचा भराव आणि गरज पडली तर तळातून जमिनीत रोवलेले ताण-खांब लागतात. बांधकाम चालू असताना भोवतालच्या विहिरींमधून पाणी उपसून पातळी खाली ठेवतात. छत आणि भराव होण्याआधी हा उपसा थांबवला तर तळाला तडे जातात किंवा अख्खी पेटीच उचलली जाते. त्यामुळे खोदकाम संपलं तरी पंपाची घरघर महिनोन्‌महिने ऐकू येते.

प्र. आमच्या इमारतीखालून भुयार जाणार आहे. भिंतीला भेगा पडतील का?

उ. ढोबळ गणित असं : ६.५ मीटर व्यासाचं भुयार मऊ मातीत खणताना खोदलेल्या आकारमानाच्या एक टक्का माती जास्त निघून आली आणि भुयाराचा मध्य २० मीटर खोल असला, तर बरोबर वरची जमीन साधारण १३ मिलिमीटर खचते. हा खड्डा दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस मीटरपर्यंत उथळ होत जातो. पूर्ण इमारत सारखी खाली गेली तर फारसं बिघडत नाही. एक टोक जास्त खचलं की भेगा येतात. पक्क्या खडकात खचणं नगण्य असतं, मात्र सुरुंग लावले तर हादऱ्यांचा प्रश्न येतो.

काम सुरू होण्याआधी तुमच्या घराची पाहणी होते. तेव्हा हजर राहा आणि अहवालाची प्रत मागून घ्या. स्वतःही प्रत्येक खोलीचे, छताच्या कोपऱ्यांचे आणि खिडक्यांच्या चारही टोकांचे फोटो तारखेसह काढा. भेगेशेजारी पट्टी धरून काढलेला फोटो जास्त कामाचा. जुन्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. रेघेपुढे भेग सरकली तर ती जिवंत आहे.

रुंदी १ मिलिमीटरच्या आत असेल तर रंगकामात बुजते. ५ मिलिमीटरपर्यंत दारं अडकू लागतात, डागडुजी लागते. त्याच्या पुढे गेली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचंच. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले केसासारखे तडे बहुधा प्लास्टर वाळण्याचे असतात. त्यांचं खापर भुयारावर फोडलंत तर खऱ्या भेगेची तक्रारही कोणी गंभीरपणे घेणार नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र लगेच कळवा.

प्र. फलाटाच्या काचेच्या दारात पिशवी अडकली तर?

उ. दारात जाडसर वस्तू आली की ते पुन्हा उघडतं. पिशवीचा बारीक पट्टा, ओढणी, बुटाची नाडी त्याला कळेलच असं नाही. वस्तू सोडून द्या, ओढत बसू नका.

गाडी खुणेच्या थोडी मागे-पुढे थांबली आणि दारं जुळली नाहीत, तर दारांच्या मधले काही काचेचे तावही आतून उघडता येतात. रुळांच्या बाजूने त्यांना आडवी दांडी असते, ती फलाटाच्या दिशेने ढकलायची. फलाटावरून ते दार आहे हे कळतही नाही.

प्र. भुयारात धूर झाला तर कोणत्या दिशेने पळायचं?

उ. आधी, पळायची घाई नको. डब्यात धूर दिसला तर बोलायचं बटण दाबून चालकाला सांगा. जमत असेल तर गाडी पुढच्या स्टेशनपर्यंत नेणं हाच नियम असतो, कारण फलाटावर मोकळे जिने असतात आणि भुयारात जेमतेम एक माणूस चालेल एवढी अरुंद वाट. भुयारी स्टेशनांच्या आराखड्यासाठी अमेरिकेचं एनएफपीए १३० हे मानक बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यानुसार फलाट ४ मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि शेवटचा माणूस ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोचला पाहिजे. जिन्यांची रुंदी या हिशेबाने ठरते, म्हणून जिन्याखाली घोळका करून उभं राहू नये.

गाडी भुयारातच अडकली तर एका टोकाचे मोठे पंखे ताजी हवा आत ढकलतात आणि दुसऱ्या टोकाचे धूर बाहेर ओढतात. दिशा नियंत्रण कक्ष ठरवतो. सूचना ऐकू आली नाही तर वारा तोंडावर येईल त्या बाजूला चाला. ताजी हवा तिकडून येते. लिफ्ट वापरू नका. रुळांवर उतरायचं ते कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावरच, कारण काही मार्गांवर वीज डोक्यावरच्या तारेत नसून रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीत असते.

१९८७ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या ग्रीसने आणि कचऱ्याने पेट घेतला. ३१ जण गेले. तेव्हापासून तिथल्या भुयारी स्टेशनांतले लाकडी जिने काढत गेले. सरकत्या जिन्याच्या पोटातली सफाई दिसत नाही, तरी ती तुमच्या जिवाशी जोडलेली आहे.

प्र. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताच तोल का जातो?

उ. जिना चालू असेल या सवयीने शरीर आधीच पुढे झुकतं. शिवाय त्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असतात आणि वरखालच्या टोकांना एकेक करून लहान होत जातात. कठडा धरून, शेवटच्या तीन-चार पायऱ्या बघून टाका.