शेततळ्याची सुरक्षितता
प्रश्न : आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे. त्यातून पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, असे ऐकतो. काय सोय करावी?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. ओल्या अस्तराच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पट्टीचा पोहणाराही धडपडून दमतो. म्हणून चारही बाजूंना, काठावरच्या खुंटाला पक्का बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडावा. कुंपण आणि कुलूपबंद फाटक तर हवेच, कारण लहान मुलांना दोराचा उपयोग नाही. बुडणाऱ्यामागे उडी न घेता दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी. वर काढलेल्याचा श्वास थांबला असेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात (ही समजूत काही केल्या जात नाही) वेळ न घालवता प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग ३० वेळा छाती दाबून २ श्वास हा क्रम चालू ठेवावा. तोवर दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.